पाचवीला कुठल्या शाळेत घालू?

"मॅडम, चौथीपर्यंत बाईंनी सांभाळून घेतलं. आता हायस्कुलात कोण घेणार?"

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसोबत काम करताना दर वर्षी जानेवारी उजाडला की हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. गोव्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला पाचवीचा उंबरठा जरा उंचच असतो. सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. गावातल्या त्या शाळेत सगळे वर्ग मिळून वीसेक मुलं, एक-दोन बाई, आणि घर हाकेच्या अंतरावर. पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम, वर्गात चाळीस मुलं, प्रत्येक विषयाला वेगळे सर, दर तासाला घंटा, आणि जायला-यायला बालरथ, म्हणजे शाळेची बस. इतर मुलंही पहिले दोन महिने बावरतात. ऑटिझम असलेल्या मुलाची तर पायाखालची सगळी जमीनच एका दिवसात बदलते.

ज्या आईने हा प्रश्न विचारला, ती डिचोली तालुक्यातली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात बाबू म्हणतात, मीही तेच म्हणते. बाबू तेव्हा नऊ वर्षांचा होता. निदान चौथ्या वर्षीच झालं होतं. वाचन उत्तम, गणित चांगलं, बोलणं भरपूर, पण आपल्याच विषयावर. पहिल्या भेटीत त्याने माझ्याकडे न बघता त्यांच्या घरच्या माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधतात ते सांगितलं. कांगणी, हरणं, सुपारीचे घड, तवशी, सगळं डावीकडून उजवीकडे, क्रमाने. मध्ये थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. मोठा आवाज झाला की कानांवर हात. ठरलेलं काही अचानक बदललं की आधी रडू, मग पळ.

घरात तीन मतं होती. वडिलांना शहरातली नावाजलेली शाळा हवी होती. आजीचं म्हणणं, विशेष शाळेत घाला, तिथे निदान कोणी हसणार नाही. काकांनी सुचवलं होतं, आजपासून घरात फक्त इंग्रजी बोला, म्हणजे पाचवीला जड जाणार नाही. आणि आई रात्र रात्र जागी.

काकांचा सल्ला मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते ती बंद केली, तर मुलाचं घरातलं बोलणंच तुटतं. इंग्रजी शाळेत शिकेल, वेळ लागेल, पण घरची भाषा हलवायची नाही.

मग तिघांना एक काम दिलं. शाळा बघायला जा, पण ऑफिसात बसून परत येऊ नका. हेडमास्तरांची परवानगी घ्या आणि मधल्या सुट्टीत जा. जिना बघा, मुतारी बघा, पाण्याच्या नळापाशी काय चालतं ते बघा. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत वर्गात कोण असतं ते विचारा. आमच्या मुलांचं बिनसतं ते बहुतेक वेळा गणिताच्या तासाला नाही, तर या मधल्या वेळांत. तासाला नियम असतात, फळा असतो, काय करायचं ते ठाऊक असतं. सुट्टीत चारशे मुलं एकदम अंगणात येतात आणि कुठल्याही फळ्यावर काही लिहिलेलं नसतं. बालरथातही तेच. शाळा निवडताना निकालाची टक्केवारी विचारणारे पालक मला खूप भेटतात, सुट्टीत मूल कुठे असेल हे विचारणारे फार थोडे.

शहरातल्या शाळेत त्यांचं स्वागत छान झालं. कपाटभर चषक दाखवले. बाबूबद्दल सांगितल्यावर उत्तर मिळालं, "काळजी करू नका, आमच्याकडे सगळी मुलं सारखीच." वडील खूश होऊन आले. मला मात्र त्या वाक्याने धास्ती वाटली. हे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण सगळी सारखीच म्हटलं की घंटा सारखी, ओरडा सारखा, शिक्षाही सारखी. बाबूला वेगळं काय लागतं याला त्या वाक्यात जागाच नाही. शिवाय त्यांनी प्रवेशाआधी लेखी चाचणी ठेवली होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भांडून आत घातलं तर पुढची सहा वर्षं काय?" तिचं म्हणणं मला पटलं. कायदा माहीत हवाच, पण कुठे वापरायचा हे आईवडिलांनी ठरवायचं असतं.

दुसरी शाळा घरापासून चार किलोमीटरवरचं अनुदानित हायस्कूल. इमारत जुनी, पाचवीत सव्वीस मुलं. तिथल्या हेडमिस्ट्रेस बाईंनी आधी कबूल केलं की ऑटिझम असलेलं मूल त्यांच्या शाळेत पूर्वी आलेलं नाही. मग वही उघडली आणि विचारत सुटल्या. घंटेचा आवाज सहन होतो का? रडायला लागला तर हात लावलेला चालतो की जवळ नुसतं उभं राहायचं? एकटं बसायला आवडतं की नाइलाजाने बसतो? मुतारीत एकटा जातो का? आई मला फोनवर सांगत होती आणि सांगता सांगता रडायला लागली. निदान झाल्यापासून पहिल्यांदाच शाळेतल्या कोणीतरी बाबूबद्दल त्रास किती देतो हे सोडून दुसरं काही विचारलं होतं.

माझं मत तिथेच ठरलं. सुसज्ज शाळेपेक्षा विचारणारी शाळा मी केव्हाही निवडेन. सोयी नंतर उभ्या करता येतात. हायस्कुलांत गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतले समुपदेशक येतात, पण एकेकाकडे बऱ्याचदा एकाहून जास्त शाळा असतात. म्हणून "समुपदेशक आहेत का" एवढ्यावर थांबू नका, कुठल्या वारी येतात आणि इतर दिवशी मूल कोणाकडे जाईल ते विचारा. एक माणूस ठरलेला हवा. बाबूसाठी तो माणूस ठरला ग्रंथालयातल्या बाई. जास्त झालं की त्यांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, परवानगी मागायची गरज नाही.

"पण निदान सांगायचं का? कागदावर शिक्का बसेल," हा वडिलांचा प्रश्न. सांगायचं, हे माझं स्पष्ट मत आहे. न सांगितलं तरी दुसऱ्या आठवड्यात मूल वेगळं आहे हे सगळ्यांना कळतंच. फक्त मग त्याला आगाऊ, हट्टी, लाडावलेला अशी नावं पडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात ऑटिझम आहे, आणि सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोयी करायच्या हे त्यात लिहिलेलं आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्राचं काम दहावीपर्यंत लांबवू नका. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर तेव्हा धावपळ होते, आणि मुलालाही सवलतींची सवय आधीपासून लागते.

शाळेला मात्र वीस पानी रिपोर्ट देऊ नका, कोणी वाचत नाही. बाबू, आई आणि मी मिळून एकच पान लिहिलं. मला काय आवडतं, कशाने त्रास होतो, त्रास झाला की काय करावं, काय करू नये. शेवटच्या ओळी बाबूच्या होत्या. "माझा हात ओढू नका. मला दोनदा सांगा, मोठ्याने सांगू नका." हे पान शिपायांना आणि बालरथातल्या अटेंडंट बाईंनाही दिलं. त्यांना देणं शिक्षकांना देण्याइतकंच गरजेचं होतं, कारण सकाळी पहिली भेट त्यांची.

मे महिन्यात रिकाम्या शाळेत दोन फेऱ्या केल्या. वर्ग, बाक, मुतारी, ग्रंथालय, फाटक, सगळ्याचे फोटो काढून आईने वहीत चिकटवले. बाबूने खालची नावं लिहिली. घंटा मोबाईलवर रेकॉर्ड करून आधी हळू आवाजात ऐकवली.

एवढं करूनही जुलैत घोटाळा झालाच. धो धो पाऊस, पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि पी.टी.चा तास रद्द होऊन त्या जागी विज्ञान. बाबू वर्गातून पळाला तो थेट फाटकापाशी. शाळा घाबरली. संध्याकाळी वडिलांचा फोन, "मी म्हणत होतो ना?" दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शाळेत बसलो. बोलता बोलता कळलं की पाऊस त्याने तसा सोसला होता. तास बदलणार हे त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून वर्गशिक्षिका सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीचे बदल लिहितात. पावसाच्या दिवसांत पी.टी.समोर आधीच प्रश्नचिन्ह असतं. या फळ्यावरच्या दोन ओळींनी जे साधलं, ते माझ्या सहा महिन्यांच्या सत्रांनी साधलं नसतं.

सगळं सुटलं असं नाही. सहावीत दोन मुलगे त्याच्याकडून वाईट शब्द वदवून घेत आणि हसत. बाबूला वाटे, मित्र झाले. घरी त्याने सांगितलंच नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. लक्षात आलं ते ग्रंथालयातल्या बाईंच्या. म्हणून घरी "शाळेत कोणी त्रास दिला का" असं विचारून उपयोग नसतो. "सुट्टीत कोण काय म्हणालं, तू काय म्हणालास" असं विचारावं लागतं.

आजीच्या मताबद्दलही लिहायला हवं, कारण आजी चुकीची नव्हती. माझ्याकडे आणखी एक मूल येत असे. चांगल्या शाळेत, शिक्षकांच्या नजरेत अगदी गुणी. "काहीच त्रास देत नाही," असं शाळा सांगे. घरी मात्र रोज पोटदुखी, जेवण सुटलेलं, रात्री भिंतीवर डोकं आपटणं. दिवसभर स्वतःला आवरून धरण्याची ती किंमत होती. त्या मुलाला बाराव्या वर्षी विशेष शाळेत हलवलं आणि तीन महिन्यांत ते पोटभर जेवायला लागलं. म्हणून पालकांना सांगते, शाळेच्या प्रगतिपुस्तकाबरोबर मुलाची झोप, जेवण आणि रविवारची संध्याकाळ बघा. निर्णय एका वर्षाचा समजा, दर एप्रिलला पुन्हा बोला.

बाबू आता सातवीत आहे. इंग्रजी निबंध अडतो, गणित चालतं. चतुर्थीच्या आधी वर्गशिक्षिकेने त्याला माटोळीवर बोलायला उभं केलं होतं. तो डावीकडून उजवीकडे सगळं बोलला, मध्ये कोणी थांबवलं नाही. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बालरथ नवा आलाय, त्याची खिडकीजवळची जागा बदलली, दोन दिवस जायला तयार नाही. मी म्हटलं, दुपारी मुलं उतरली की रिकाम्या गाडीत त्याला नेऊन बसवा, जागा त्यालाच निवडू दे, आणि अटेंडंट बाईंना ते जुनं पान पुन्हा एकदा द्या, त्याही नव्या आहेत का ते विचारून घ्या.