वर्षाची वही

एका वाचक ताईंनी विचारलं आहे, "डिसेंबरात भारतातल्या सगळ्यांना वर्षभराची हकीकत लिहायला बसते. आठवतं काय, तर सहल, नवऱ्याची बढती, लेकीचं बक्षीस. तीन ओळींत वर्ष संपतं. तुम्ही कसं लिहिता?"

ताई, मी डिसेंबरात लिहीतच नाही, नुसतं उतरवून काढते. लिहिणं वर्षभर चालू असतं, एका साध्या दोनशेपानी वहीत. उजव्या पानावर तारखा, डाव्या पानावर बाकी सगळं. ही सवय हौसेपोटी लागलेली नाही, चांगला फटका बसल्यावर लागली.

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरत होतो. त्याच्या एन-४०० या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली देशाबाहेरची प्रत्येक फेरी लिहावी लागते, २४ तास किंवा त्याहून जास्त असलेली. गेलो कधी, परत आलो कधी. मुलं झोपल्यावर आम्ही दोघं बसलो ते रात्री दोनपर्यंत जुन्या ईमेलमध्ये तिकिटं शोधत होतो. एका फेरीवरून तर चक्क भांडण झालं. मी म्हणत होते, सात तारखेला परतलो. नवरा म्हणे, आठला. मी पासपोर्ट नाचवला, मुंबईच्या शिक्क्यावर सातच होती. मग तिकीट सापडलं. विमान रात्री दीडचं! शिक्का बसला बाराच्या आत, विमान उडालं आठ तारखेला आणि अमेरिकेत उतरलोही आठलाच. फॉर्मला हवी होती ती आठ.

नायगारा पलीकडून बघायला गाडीने कॅनडात जाऊन दोन रात्री राहिलो होतो, ती फेरी तर दोघांच्याही डोक्यातून गेली होती. आय-९४च्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीच्या, संकेतस्थळावर येण्याजाण्याचा इतिहास दिसतो खरा, पण रस्त्याने बाहेर पडल्याची नोंद तिथे असेलच असं नाही. आम्हाला ती फेरी सापडली ती धबधब्यापाशी भिजलेल्या लेकाच्या फोटोमुळे.

तेव्हा उजव्या पानाचा पहिला नियम: महिना अक्षरांत लिहा. ०६/०७ म्हणजे भारतात ६ जुलै आणि अमेरिकेत ७ जून. पाच वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

देश कुठलाही असो, दिवस मोजावेच लागतात. कॅनडात नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेलं लागतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावरून कायम वास्तव्य मागताना कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असून चालत नाही. एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर अमेरिकेबाहेर काढलेले दिवस सहा वर्षांच्या मुदतीत परत मागता येतात, पण पुरावा तुम्हीच द्यायचा. भारताचा आयकर १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षातले तिथले दिवस मोजतो, १८२ झाले की करासाठी तुम्ही तिथले रहिवासी. बाबांच्या आजारपणात दोन-तीनदा धावपळ झाली की १८२चा आकडा वाटतो तितका लांब राहत नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर नागरिकांना आणि भारतीय वंशाच्या लोकांना १२० दिवसांपासूनच सावध राहावं लागतं. त्यात शिक्क्यांचा भरवसा आता उरला नाही. युरोपातल्या शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या) ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदी घ्यायला सुरुवात केली आहे.

आई-बाबा येणार असतील तर तेही याच पानावर. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी अमेरिकेत राहायची मुदत आय-९४ वरच्या तारखेपर्यंतच. उतरल्या दिवशी बघा आणि ती तारीख लाल पेनाने लिहा. मुलांच्या भारतीय पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते, ती तिकिटं काढून झाल्यावर आठवते. घर बदललं, नोकरी बदलली तरी तारीख टाका. अमेरिकेत नागरिक नसलेल्यांना नवा पत्ता दहा दिवसांत कळवायचा असतो.

आता डावं पान. ताई, तुमचं पत्र इथून येतं. मुलांनी म्हटलेलं जसंच्या तसं लिहा, व्याकरण सुधारू नका. आमच्या धाकटीने आजीला फोनवर सांगितलं, "मी तुला खूप आठवण येते." ते दुरुस्त करून लिहिलं असतं तर उरलं काय असतं? बढतीला एक ओळ पुरते. तिचं पत्र आलं त्या दिवशी घरात दुसरं काय चाललं होतं, ते लिहा.

वाईटही लिहा. नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी मी पत्रात ते गाळलं. एच-१बीवर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात नवी नोकरी शोधायची. आम्ही रोज दिवस मोजत होतो आणि पत्रात मात्र "सगळे मजेत". पुढच्या वर्षी सासूबाईंना कळलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणूनच गेल्या वर्षीचं पत्र इतकं छोटं होतं होय?" तेव्हापासून गाळत नाही. फार तर पत्र थोडं उशिरा पाठवते, म्हणजे काळजीबरोबर पुढे काय झालं तेही कळतं.

रोज लिहायचा नेम मात्र धरू नका, मोडतो. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं, मुलांना जवळ घेऊन. आमचा मोठा आता उजवं पान स्वतः भरतो, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंद आहे, पण आजीला त्या पानाचा फोटो माझ्या पत्राहून जास्त आवडतो.

गेल्या उन्हाळ्यातलं एक पान आत्ता समोर उघडं आहे. उजवीकडे लेकाच्या अक्षरात: "१४ जुन, आजोबा आले. १३ डीसेंबरच्या आत परत." डावीकडे माझ्या: "विमानतळावर बाबा व्हीलचेअरमध्ये बसायला तयार नव्हते. शेवटी तिच्यावर बॅगा ठेवल्या आणि खुर्ची स्वतःच ढकलत बाहेर आले."