डिफचा आकडा : ३.७३ टाकू की ४.१०?

प्रश्न : नमस्कार काका, मी इंदूरला रामबागेत राहतो, आमचं टेंट हाउस आहे. बाबांच्या वेळची डिझेल जीप-पिकअप आहे, चार गिअर, टायर २३५/७५ आर १५, मागचा डिफ (डिफरन्शियल, मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) ५.३८चा (उघडून दात मोजलेत). आठवड्यातनं तीन-चार चकरा उज्जैन-देवासच्या, आणि महिन्यातनं दोनेकदा खंडवा रोडनं बडवाह, ओंकारेश्वरकडे. पाईप, गाद्या, भांडी धरून टनभर माल असतो. गाडी ओढते झकास पण सत्तरच्या वर गेली की इंजिन नुसतं बोंबलतं, शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. मिस्त्री म्हणतो ३.७३चा क्राऊन-पिनियन (डिफमधल्या दोन गिअरचा जोड) टाक, कारसारखी पळेल. मित्र म्हणतो ४.१०. कुठला टाकू, आणि अॅव्हरेज वाढेल का?

उत्तर : अरे भाऊ, दात मोजून विचारलंस हे बेस्ट केलंस, नाहीतर लोक नुसतं "गाडी पळत नाही" एवढंच लिहितात आणि मी काय ज्योतिषी आहे का.

५.३८ म्हणजे मोठ्या क्राऊनला ४३ दात, छोट्या पिनियनला ८. गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. हा आकडा कोणी चुकून नाही ठेवलेला. लढाईतल्या विलीज जीपला ४.८८ होता, तीच जीप १९४५ला शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए म्हणून विकायला काढली तेव्हा ५.३८ केला, कारण नांगर ओढायचा होता, हायवेवर धावायचं नव्हतं. म्हणजे तुझ्या गाडीत नांगराचा आकडा आहे आणि तू ती उज्जैन रोडला पळवतोयस, बोंबलणारच.

आता हिशोब कर, मिस्त्रीच्या तोंडावर जाऊ नकोस. तुझ्या टायरची उंची साधारण ७३३ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात २.३० मीटर. ८०च्या स्पीडला गाडी मिनिटाला १३३३ मीटर जाते, म्हणजे चाकाचे ५८० फेरे. टॉप गिअर सरळ १ला १ (शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो), तर ५८०ला डिफच्या आकड्यानं गुण. ५.३८ला इंजिन ३१२० आरपीएमवर (मिनिटाला फेरे), ४.८८ला २८३०, ४.५६ला २६४०, ४.१०ला २३८०, आणि ३.७३ला २१६०. लोड असला की टायर थोडा दबतो, तेव्हा खरे आकडे जरा वर धर, पण अंदाज येतो.

कागदावर ३.७३ एकदम मस्त दिसतो, नाही का. पण थांब. ३.७३ आला की चाकावरची ओढ ३१ टक्क्यांनी कमी, प्रत्येक गिअरला, पहिल्यालासुद्धा. तुझा तिसरा १.४५च्या आसपास असेल असं धरू (तुझ्या गिअरबॉक्सचा खरा आकडा बघून घे), तर ३.७३ गुणिले १.४५ म्हणजे ५.४. आलं का लक्षात? आज टॉपला जी ओढ मिळते तीच उद्या तिसऱ्याला मिळणार, टनभर माल असताना समोरनं वारा आला किंवा पुलाचा चढ लागला की तू तिसरा टाकणार आणि इंजिन पुन्हा तितकंच बोंबलणार. आणि टॉपलाच रेटलीस तर काळा धूर काढत, थरथरत जाईल, अॅव्हरेज वाढायचं राहिलं बाजूला.

हे मी पुस्तकातलं नाही सांगत. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पिकअपला हौसेनं लांबचा (म्हणजे कमी आकड्याचा) जोड टाकला होता, बायपासवर दोन दिवस राजासारखा फिरलो, तिसऱ्या दिवशी खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे घाट उतरून चोरलला माल टाकला आणि परतीला भंगार भरून वर यायला लागलो. ट्रकच्या मागे अडकलो, पहिला गिअर लांब झालेला, त्यामुळे उठवायला प्रत्येक वेळी अर्धा क्लच धरून ठेवायचा. वर पोचेपर्यंत क्लचप्लेटचा असा वास आला की मागची स्कूटरवाली माणसं नाकाला रुमाल लावून पुढे गेली. म्हणून म्हणतो, आकडा बायपासवर ठरवायचा नसतो, भरल्या गाडीनं घाटात थांबून पुन्हा उठवायची वेळ येते तिथे ठरवायचा. पीथमपूरचा तो ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक काही तुझ्या धंद्याच्या रस्त्यात येत नाही.

तर माझं मत, ४.५६. ओढ १५ टक्के जाते, तेवढी हे इंजिन सहन करेल, आणि ८०ला जवळजवळ पाचशे आरपीएम कमी होतात, कानाला लगेच कळतं. तुझ्या डिफच्या हाउसिंगला (बाहेरच्या खोक्याला) बसणारा ४.५६ नाही मिळाला तर ४.८८वर खूष रहा. ४.१० मी रिकाम्या फिरणाऱ्या हौशी गाडीला टाकेन, टेंट हाउसच्या गाडीला नाही. आणि एक सांगू, पैसे जमत असतील तर डिफला हातच लावू नकोस, पाच गिअरचा बॉक्स बसतो का बघ. पाचवा ०.८२चा मिळाला तर पाचव्याला ५.३८चं ४.४१ होतं आणि घाटातला पहिला-दुसरा तुझा तसाच्या तसा हातात राहतो. फक्त शाफ्टची लांबी, माउंटिंग सगळं बदलतं, काम मोठं आहे.

अॅव्हरेज थोडं वाढेल, पण ८०ची ९० केलीस तर ते वाऱ्यातच जाईल.

डिफचंच करायचं ठरलं तर क्राऊन आणि पिनियन दोन्ही एका जोडाचेच घे, त्यांचे दात एकमेकांवर घासून बसवलेले असतात, दोन्हीवर एकच जोडनंबर असतो. एक जुना एक नवा कधीच नाही. मोठा फरक असेल तर काही डिफमध्ये आतलं कॅरिअरही (ज्यावर क्राऊन बसतो ते) बदलावं लागतं, आधी विचारून घे. बसवताना मिस्त्री दातांना रंग लावून ठसा बघतो का ते उभं राहून बघ, शिम (पातळ चकत्या) टाकून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) न बसवता नुसतं कसून दिलं तर महिन्याभरात हूं हूं सुरू होतं, एक्सलेटर दिला की एक आवाज, सोडला की दुसरा. पहिले पाचशे किलोमीटर हलकी चालव, मग डिफचं ऑइल बदल.

आणि हो, स्पीडोमीटर! तुझी केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते. ४.५६ टाकलास की गाडी ८०ला असताना काटा ६८ दाखवेल. केबलची छोटी गरारी बदलून घे, नाहीतर चालान आल्यावर मला शिव्या देशील.

प्रश्न : काका, माझी फोर बाय फोर आहे, पण पुढचं मी वर्षातनं एकदा वापरतो. फक्त मागचा जोड बदलला तर चालेल का? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : नाही. ज्या दिवशी पुढचं लावशील त्या दिवशी पुढची चाकं एका स्पीडनं आणि मागची दुसऱ्या स्पीडनं जायला बघतील, चिखलात एखादं चाक घसरून निभावेल पण डांबरावर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टना ओढ वाटणाऱ्या डब्याचा) भुगा. दोन्ही बदल, किंवा पुढचा शाफ्ट काढून घरी ठेव आणि वर्षातनं एकदाची ती मजा विसर.