दोन माणसांच्या घरात रोजच्या वापराला कोणता सॉसपॅन घ्यावा? ट्रायप्लायला एवढे पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत नुकतंच बिऱ्हाड थाटलंय, माणसं दोन, पाइपचा गॅस, कधीमधी इंडक्शन. चहाचा नॉनस्टिक पॅन सोलपटला. आता चहा, दूध, वरण, खीर सगळ्याला चालेल असा एकच सॉसपॅन हवाय, आणि ट्रायप्लायची, म्हणजे स्टील-ॲल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांच्या पत्र्याच्या भांड्याची, किंमत बघून हात आखडतोय.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. 18 सेंटीमीटर व्यासाचा, काठापर्यंत तिन्ही थर असलेला ट्रायप्लाय स्टीलचा पॅन घ्या, झाकणासकट. त्यात दूध, खीर, कढी, वरण करा. चहा मात्र त्यात करू नका. चहाला साधा पातळ स्टीलचा टोप पुरतो आणि तो बहुधा तुमच्या घरात आहेच. म्हणजे एकच भांडं सगळ्याला, हा हट्ट थोडा सैल करा, पैसे वाचतील.

मी उमेदीची वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला काढली. पत्रा दाबून वस्तू काढायच्या. भांडी आम्ही करत नव्हतो, पण पत्र्याचे गुण-अवगुण तेच. त्यामुळे भांड्यांच्या दुकानात माझी नजर चकाकीवर जात नाही, थेट बुडावर आणि काठावर जाते. बायको याला कंटाळलेली आहे.

आता बुडाचं. स्टेनलेस स्टील उष्णता पुढे सरकवण्यात फार मंद. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण 15 पट वेगाने सरकवतं, तांबं 25 पट. पातळ स्टीलचं पातेलं गॅसवर ठेवलं की बर्नरच्या ज्वाळा जिथे लागतात तिथे गोल कडं तापतं आणि दोन बोटं बाजूला पत्रा त्या मानाने थंड राहतो. पाण्याला याचं काही नाही. तळाचं गरम पाणी वर येतं, वरचं खाली जातं, उष्णता आपोआप सगळीकडे पोचते. चहाही पाण्यासारखाच फिरता राहतो, म्हणून त्याला महागडं बूड देणं ही उधळपट्टी. पण पदार्थ दाटू लागला की हे फिरणं थांबतं. शेवयांची खीर, घट्ट वरण, बेसन लावलेली कढी, पांढरा सॉस यांचा तळाशी असलेला थर तिथेच बसून राहतो आणि त्या तापलेल्या कड्यावर करपतो. दुधाचं त्याहून वाईट. ते पातळ असूनही त्यातली प्रथिनं गरम तळाला धरतात आणि मग जळकट वास सगळ्या दुधाला लागतो. तुम्ही घासताना बघितलं असेल, दूध नेमकं बर्नरच्या आकाराचं लागलेलं असतं.

म्हणून स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम घालतात. आत पदार्थाला लागणारं स्टील, मधे उष्णता पसरवणारं ॲल्युमिनियम, बाहेर इंडक्शनला चालणारं चुंबकीय स्टील. हे तीन थर एकत्र लाटून त्याचा पत्रा करतात आणि त्या पत्र्यातून अख्खं भांडं ओढून काढतात, तो खरा ट्रायप्लाय. दुसरा प्रकार म्हणजे साधं स्टीलचं भांडं करून त्याच्या बुडाला ॲल्युमिनियमची चकती आणि खाली पुन्हा स्टील बसवायचं. याला दुकानात सँडविच बॉटम म्हणतात. हल्ली खोक्यावर 'ट्रायप्लाय बॉटम' असंही छापलेलं असतं आणि घाईत तो शेवटचा शब्द डोळ्यांतून निसटतो. हा फरक गॅसवर कळतो. चकती बुडाच्या पुऱ्या रुंदीची नसते, कडेची वळणाची जागा उघडी राहते. आपल्या गॅसच्या ज्वाळा बुडाबाहेर येऊन नेमक्या त्याच वळणावर लागतात, जिथे पत्रा एकेरी आहे. मग तळ स्वच्छ आणि कडेला तपकिरी वर्तुळ. इंडक्शनवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे फक्त बूड तापतं. तुमच्याकडे फक्त इंडक्शन असतं तर मी म्हटलं असतं, सँडविच बॉटम घ्या, पैसे वाचवा. पण तुमचा रोजचा कारभार गॅसवर आहे. तेव्हा काठापर्यंत ट्रायप्लाय.

दुकानात ओळखायचं कसं? काठ बघा. बऱ्याच ट्रायप्लाय भांड्यांच्या कापलेल्या काठावर मधली ॲल्युमिनियमची राखाडी रेघ दिसते. ती दिसली म्हणजे थर वरपर्यंत आलेत. काहींचा काठ वळवून बंद केलेला असतो, तिथे बाहेरून बूड आणि भिंत यांच्यामध्ये जोडाची पायरी आहे का ते बोटाने चाचपा. पायरी लागली म्हणजे चकती. तांब्याचं बूड म्हणून मिळतं त्यावर बहुतेकदा तांब्याचा नुसता मुलामा असतो, त्याने उष्णता पसरण्यात काही फरक पडत नाही. घासायचं काम तेवढं वाढतं.

आता धातूचे आकडे, कारण विक्रेता ते तोंडावर फेकणारच. 304 म्हणजेच 18/8: साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. आतला थर हाच हवा. स्वस्त भांड्यांत 202 किंवा जे-4 जातीचं स्टील असतं. त्यात निकेल कमी आणि त्याची भरपाई मँगनीजने केलेली. ते विषारी वगैरे नसतं, घाबरू नका, पण मीठ आणि आंबट यांपुढे लवकर हार खातं, बारीक खड्डे आणि गंजाचे ठिपके पडतात. बाहेरचा थर 430 चा, त्यात निकेल जवळपास नसतंच, म्हणून त्याला चुंबक चिकटतो. इथे एक दुकानी भ्रम आहे: चुंबक चिकटला नाही म्हणजे 304. चूक. 202 लाही चिकटत नाही. उलट अस्सल 304 चा पत्रा प्रेसमध्ये खोल ओढला की वळणापाशी थोडा चुंबकीय होतो, आमच्याकडे हा रोजचा अनुभव होता. तेव्हा चुंबकाने फक्त बाहेरचं बूड तपासा, इंडक्शनला चालेल की नाही एवढंच ते सांगतं. 304 साठी कंपनीचा छाप आणि पावती यांवरच विसंबावं लागतं. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्राने मार्च 2024 मध्ये काढला. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस 14756. ते चिन्ह शोधा.

माप. दोन माणसं म्हणून लोक 14 किंवा 16 सेंटीमीटरचा पॅन उचलतात आणि मग पहिल्याच आठवड्यात दूध उतू जातं. हिशेब सोपा आहे, त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले उंची. 16 चा पॅन 8 सेंटीमीटर उंच असेल तर काठोकाठ 1.6 लिटर. त्यात दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या ओतल्या की वर तीन बोटंसुद्धा उरत नाहीत, आणि दूध वर यायला लागलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 18 चा पॅन 9 सेंटीमीटर उंच धरला तर 2.3 लिटर भरतो. लिटरभर दूध तापवायला हा सुटसुटीत. खोक्यावर लिहिलेले लिटर काठोकाठचे असतात, स्वयंपाकाला त्याचा दोन-तृतीयांश धरा. उलट दोन कप चहा 18 च्या पॅनमध्ये केला तर तो जेमतेम सेंटीमीटरभर उंच राहतो, आटतो लवकर आणि आलं-पत्ती नीट उकळत नाही. चहा वेगळा करा म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

20 किंवा 22 चा घेऊ नका. भरला की एका हाताने उचलून ओतता येत नाही, आणि सॉसपॅनचा सगळा उपयोग ओतण्यातच आहे. नाहीतर आपलं पातेलं आणि सांडशी काय वाईट आहेत?

दांडा. रिकामा पॅन दुकानाच्या काचेच्या टेबलावर ठेवा. दांड्याच्या बाजूला कलला तर तिथेच परत द्या, घरी शेगडीच्या लहान बर्नरवर तो रोज लवंडेल. ट्रायप्लायचं वजन असल्यामुळे सहसा कलत नाही, हलके सँडविचवाले कलतात. दांडा रिव्हेटचा असो की वेल्डचा, माझी तक्रार नाही. चांगलं स्पॉट वेल्ड सुटत नाही आणि आतून घासायला सोपं जातं, रिव्हेटच्या बोंडांभोवती साय साचते. बॅकेलाइटचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, स्क्रूवाले दांडे नकोत, मोठ्या ज्योतीवर करपतात आणि ढिले होतात. जुन्या सिडको घरांतले ओटे अरुंद असतात. तुमचाही तसा असेल तर लांब दांडा ओट्याबाहेर येतो, कोपराला लागतो. शेगडी आणि भिंत यांतलं अंतर मोजून मगच दांड्याची लांबी ठरवा. काठाला दोन्ही बाजूंनी चोच असेल तर उत्तम, नसली तरी काठ बाहेर वळलेला हवा, म्हणजे धार भांड्यावरून ओघळत नाही.

नॉनस्टिक पुन्हा घेऊ नका. पातळ पदार्थाला त्याचा फायदा नाही. वर तो लेप साधारण 260 अंशांपलीकडे बिघडू लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तेवढा तापायला फार वेळ लागत नाही. पण खरं कारण वेगळंच आहे. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांची तारेची घासणी सगळ्या भांड्यांवरून सारखीच फिरते, तुम्ही कितीही स्पंज ठेवा. त्या घासणीला पुरून उरतं ते स्टील. हिंडालियम आणि साधं ॲल्युमिनियम उष्णतेला छान, वजनाला हलकं, पण चिंच-कोकम-टोमॅटोला नाही, आणि इंडक्शनला तर नाहीच. हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे वरचा थर कडक केलेलं ॲल्युमिनियम, त्याहून बरं, तेही खास बूड लावलेलं नसेल तर इंडक्शनवर निरुपयोगी. पितळेला कल्हई लागते. कल्हईवाला तुमच्या सोसायटीत येत असेल तर तुम्ही भाग्यवान.

कंपनीचं नाव विचाराल. हॉकिन्स, विनोद, स्टाल, बर्गनर, सगळ्यांचे ट्रायप्लाय मिळतात. हॉकिन्सचा तर एक कारखाना आपल्या वागळे इस्टेटमध्ये आहे, पण गाववाला म्हणून घ्या असं मी म्हणणार नाही. काठ, बूड, दांडा बघा आणि ज्याची सूट चालू असेल तो घ्या. सेट मात्र नको. तीन पॅनच्या सेटमधला सगळ्यात लहान फोडणीपुरता आणि सगळ्यात मोठा माळ्यावर जाण्यापुरता असतो. ऐरोलीहून ठाणं लोकलने दिघा गाव सोडलं की पुढचं स्टेशन. स्टेशनपासून जांभळी नाक्याच्या बाजारापर्यंत चालत जा, तिथल्या भांड्यांच्या दुकानात वस्तू हातात घेऊन, उलटी करून बघू देतात. किंमत फोनवर ताडून पाहा, मग घासाघीस करा. नाव घालून देऊ का विचारतील. घाला हवं तर, पण बाहेरच्या भिंतीवर, आत नको, तिथे दूध धरतं.

वापरायला लागल्यावर दोन सवयी. दूध ओतण्यापूर्वी पॅन पाण्याने विसळून ओलाच ठेवा, आपल्या आज्या करायच्या तसं. आणि आच मध्यम. ट्रायप्लाय उष्णता धरून ठेवतो, गॅस बंद केल्यावरही दूध क्षणभर चढत राहतं, म्हणून वर येण्याआधीच बंद करा. मीठ पाणी उकळल्यावर घाला, थंड पाण्यात तळाशी बसलेल्या मिठाने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. निळसर इंद्रधनुषी डाग दिसले तर ते उष्णतेचे, पांढरे दिसले तर पाण्यातल्या क्षारांचे, दोन्ही लिंबाच्या फोडीने निघतात. खाली लागलंच तर खाण्याचा सोडा आणि पाणी घालून उकळा, थंड होऊ द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा.

झाकण पॅनबरोबर येत नसेल तर वेगळं विकत घेऊ नका. 18 च्या पॅनवर घरातली एखादी ताटली बसतेच.