‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेवरच्या, टार्गेट प्रकाशनाच्या जुन्या कादंबऱ्यांचा गठ्ठा हाती आला आहे. कण्यावर क्रमांक आहेत. १ पासून सुरुवात करावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नको. हे क्रमांक टार्गेटने मागाहून दिले, आणि पहिल्या ७३ पुस्तकांना तर इंग्रजी वर्णानुक्रमाने दिले. त्यामुळे १ क्रमांकावर ‘द अबॉमिनेबल स्नोमेन’ आली, जी १९६७ साली दाखवलेली, दुसऱ्या डॉक्टरची कथा आहे. (मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ अधूनमधून रूप बदलतो आणि नवा अभिनेता ती भूमिका करतो, म्हणून पहिला, दुसरा डॉक्टर असे म्हणतात.) ७४ पासून क्रमांक प्रकाशनाच्या क्रमाने लागतात. मालिकेतला क्रम दोन्हींतून कळत नाही. प्रत्येक पुस्तकात कथा पूर्ण होते, म्हणून गठ्ठ्यातली पुस्तके डॉक्टरनुसार वेगळी करा आणि एकेका डॉक्टरची सलग वाचा. नावांकडेही लक्ष असू द्या : ‘द ऑटन इन्व्हेजन’ ही पडद्यावरची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’.

पहिले पुस्तक म्हणून माल्कम हल्क यांचे ‘द केव्ह मॉन्स्टर्स’ (१९७४) घ्या. हल्क यांनी स्वतःच्याच पटकथेची कादंबरी केली, पण सुरुवात केली ती भूगर्भात निद्रिस्त होणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजूने. पडद्यावरचे ‘राक्षस’ इथे पृथ्वीचे आधीचे रहिवासी म्हणून आधी भेटतात आणि सगळा संघर्षच वेगळा दिसू लागतो. टेरन्स डिक्स यांनी साठाहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांची भाषा सोपी, वेग पक्का. पुष्कळदा सगळे १२८ पानांच्या आसपास बसवायचे असल्याने सहा भागांच्या कथा मात्र त्यांच्याकडे कधीकधी धावत्या वाटतात.

‘मार्को पोलो’ गठ्ठ्यात असेल तर जपून ठेवा. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी १९६४ साली या कथेचे पडद्यावरचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले. सातही भागांचे चित्रण आज उपलब्ध नाही. ध्वनिमुद्रण, छायाचित्रे आणि मूळ पटकथाकार जॉन ल्युकारोटी यांचे हे पुस्तक एवढेच हाती आहे. जुन्या प्रतींचा डिंक वाळलेला असतो, तेव्हा पुस्तक सपाट उलगडू नका, पाने सुटतात.

प्रश्न : ‘द डूम्सडे वेपन’मध्ये डॉक्टरची सहकारी ‘जो’ ग्रँट त्याला पहिल्यांदा भेटते. ‘टेरर ऑफ द ऑटन्स’मध्येही पहिल्यांदाच! खरे कोणते? (वाचक, ठाणे)

उत्तर : पडद्यावर ‘टेरर ऑफ द ऑटन्स’ आधीची, जानेवारी १९७१ची. पुस्तकांत मात्र ‘डूम्सडे वेपन’ १९७४ साली आधी निघाले, म्हणून हल्क यांनी ‘जो’ची ओळख तिथेच करून दिली. घरी व्हिडिओ नव्हते. वाचकाच्या हातात असलेले पुस्तक त्याला एकटेच पुरेसे व्हावे, हे लेखकाला महत्त्वाचे होते, आणि ते योग्यच होते. डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४च्या पहिल्या कादंबरीत तर मालिकेची सुरुवातच बदलली : पडद्यावरच्या भंगारवाड्याऐवजी लंडनमधले बार्न्स कॉमन हे धुक्यातले माळरान आणि मोटारीचा अपघात. दोन्ही सुरुवाती वाचा, जुळवायला जाऊ नका.

प्रश्न : व्हर्जिन प्रकाशनाच्या ‘न्यू अॅडव्हेंचर्स’ या ‘डॉक्टर हू’ कादंबऱ्याही अशाच कुठूनही वाचता येतात का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. १९९१ ते १९९७ दरम्यानच्या या ६१ कादंबऱ्या पटकथांवरून केलेल्या नाहीत, नव्याने रचलेल्या आहेत आणि धागे पुढे चालू राहतात. पॉल कॉर्नेल यांच्या ‘लव्ह अँड वॉर’पासून (१९९२) सुरू करा, कारण डॉक्टरची नवी सोबतीण बर्निस समरफील्ड तिथे येते. कॉर्नेल यांचीच ‘ह्युमन नेचर’ (१९९५) २००७ साली दहाव्या डॉक्टरसाठी पडद्यावर आली. पुस्तकात डॉक्टर सातवा आहे. शेवटच्या काही पुस्तकांच्या, विशेषतः ‘लंगबॅरो’च्या जुन्या प्रती फार महाग मिळतात, तेव्हा आधी सुरुवातीची घ्या.