लॅमोट्रिजिन चालू असताना गर्भनिरोधक गोळी चालते का?
बायपोलरसाठी, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारासाठी, लॅमोट्रिजिन हे औषध घेताय आणि आता माला-डी सुरू करायची आहे, असं तुम्ही विचारलंय. चालते, पण आधी मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत लॅमोट्रिजिनचा निचरा झपाट्यानं करतं, रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं आणि मूड पुन्हा ढासळू शकतो. पाकिटातल्या शेवटच्या ७ गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात. त्या आठवड्यात तेच प्रमाण वर चढतं, मग चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. दर महिन्याचा हा हेलकावा सोसण्यापेक्षा मला तांबी बरी वाटते, तिच्यात हार्मोनच नाही. कार्बामाझेपिन या बायपोलरवरच्याच दुसऱ्या औषधाचं उलटं: ते गोळीचाच असर घटवतं, दिवस राहू शकतात. आणि लॅमोट्रिजिनचा डोस मनानं वाढवू नका हो, घाईनं वाढवलेल्या डोसानं अंगावर पुरळ उठून जिवावर बेतू शकतं.