नोराला वकील नको

प्रिय मुली,

अमेरिकन नाटककार लूकस नेथचं ‘अ डॉल्स हाउस, पार्ट टू’ मराठीत करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: ‘नोराची बाजू प्रेक्षकांना पटलीच पाहिजे.’ तालमी सुरू होण्याआधी हे डोक्यातून काढून टाक.

नोराची बाजू नॉर्वेच्या इब्सेनने मूळ ‘अ डॉल्स हाउस’मध्ये, १८७९ मध्येच मांडली, आणि ती बिनतोड मांडली. नवरा आणि तीन मुलं सोडून बाई घराबाहेर पडते, यावर एवढा गहजब झाला की जर्मनीतल्या एका नटीने तो शेवट करायला साफ नकार दिला. मग नोरा मुलांकडे बघून थांबते असा दुसरा शेवट इब्सेनला स्वतःच लिहून द्यावा लागला. तो आता सहसा कोणी करत नाही. आपल्याकडे अनंत काणेकरांनी १९४१ मध्ये त्याचं मराठी रूपांतर ‘घरकुल’ केलं. नोराला वकिलांची कधीच वाण नव्हती. नेथने २०१७ मध्ये बोलतं केलं ते मागे राहिलेल्यांना.

त्याच्या नाटकात पंधरा वर्षांनी नोरा परत येते ती एका कागदासाठी. टोपणनावाने पुस्तकं लिहून तिने पैसा कमावलाय, आणि आता कळतं की नवऱ्याने, टोरवाल्डने, घटस्फोटाची नोंदच केली नव्हती. म्हणजे कायद्याने ती अजून त्याची बायकोच. त्याच्या संमतीशिवाय केलेले सगळे करार तिच्यावर उलटू शकतात. पहिल्या नाटकात तिने बापाची खोटी सही केली होती. इथे तिची मुलगी एमीच तिला सुचवते, मृत्यूचा खोटा दाखला करू. ही गाठ प्रेक्षकाला स्वच्छ कळली पाहिजे, म्हणून कायद्याची वाक्यं घाईत उडवू नकोस.

आता ॲन मेरी, घरातली म्हातारी दाई. माझ्या मते सगळं नाटक तिच्यावर उभं आहे. इब्सेनचा दुसरा अंक पुन्हा काढून वाच. छोट्या नोराची दाई व्हायचं म्हणून या बाईने स्वतःची मुलगी परक्यांच्या हाती दिली. त्या मुलीची पत्रं आली ती कन्फर्मेशनच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मदीक्षेच्या वेळी आणि लग्न झालं तेव्हा. तेवढीच. पुढे नोराची पोरंही हिनेच वाढवली. नोरा बाहेर पडू शकली, कारण घरात ही होती. नेथच्या नाटकात म्हातारी हे तोंडावर विचारते, आणि नोराकडे धड उत्तर नाही. तिच्या तोंडी शिव्या आहेत, हशा येणारच. येऊ दे, पण नटीने हशासाठी थांबायचं नाही. तिला विनोदी मोलकरीण केलीस की प्रश्नच मेला.

एमीला रडवू नकोस. ती शांतपणे आईला सांगते की तू नव्हतीस ते बऱ्याच बाबतींत बरंच झालं, आणि मला लग्न करायचंय. तिला ते खरोखरच हवं आहे. त्यात दडलेलं दुःख शोधायला गेलीस तर तू तिच्यावर अन्याय करशील. टोरवाल्डचं फारसं सांगत नाही, चांगला नट मिळाला तर तो स्वतःच वाट काढतो.

नेपथ्याचा खर्च वाचव. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दिग्दर्शक सॅम गोल्डने जवळजवळ रिकाम्या खोलीत, एक मोठं दार आणि थोड्या खुर्च्या एवढ्यावर हे नाटक उभं केलं, आणि लॉरी मेटकाफला नोराच्या भूमिकेसाठी टोनी पारितोषिक मिळालं. खुर्च्यांमधलं अंतर मात्र तालमीत नीट ठरव. ॲन मेरी मालकिणीसमोर कधी बसते, हे मी पहिल्याच प्रयोगात बघणार आहे.

नाटक पुण्यात किंवा दादरला आणू नकोस. नॉर्वेतच राहू दे, भाषा मात्र आजची, चटचटीत ठेव. आणि प्रयोगाचे हक्क लेखी हातात आल्याशिवाय नटांना संहिता वाटू नकोस.

पहिल्या वाचनाला येईन. ॲन मेरी कोण करतंय ते आधी कळव, आणि नोराच्या आधी तिची निवड कर.

तुझा,
सर