कोपीवरची मुलं आणि हरवलेलं लसीचं कार्ड

प्रश्न : आमच्या गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्या आहेत. बहुतेक मुलांची लसीची कार्डं बीडकडं गावीच राहिली. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी यांच्यातलं कुणी फिरकत नाही. दोन-तीन मुलं फारच रोड दिसतात. काय करता येईल?
– एक शिक्षिका, शिरोळ तालुका

उत्तर : न फिरकण्याचं मुख्य कारण वेळ. टोळी पहाटेच फडात जाते आणि तान्ह्याजवळ उरते सात-आठ वर्षांची बहीण. तिला दोष देऊ नका. मुकादमाशी (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी) बोलून आया कोपीवर कधी असतात ते विचारा आणि त्या वेळेला नर्सबाईंना तिथंच बोलवा. आधी यादी करा : मुलाचं नाव, जन्ममहिना, आईचा मोबाइल. यादी लागतेच, कारण गोवर-रुबेला आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) यांची बाटली मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. एका मुलासाठीही ती फोडायची असते, पण मुलं एकत्र असली की कामाला वेग येतो.

कार्ड किंवा आधार नाही म्हणून लस नाकारता येत नाही. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का पाहा, बाकीचं आईला विचारा. राहिलेले डोस जिथं थांबले तिथून पुढं द्यायचे, पहिल्यापासून सुरू करायचे नाहीत. पेंटाव्हॅलंटच्या (पाच आजारांवरची एकत्र लस) दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. वर्ष उलटलं आणि एकही पेंटाव्हॅलंट झालं नसेल तर त्याऐवजी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) देतात. गोवर-रुबेला मात्र पाच वर्षांपर्यंत देता येते. दाटीच्या वस्तीत गोवर झपाट्यानं पसरतो, म्हणून ही लस आधी बघा.

रोड मुलांचा दंडघेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. बाही वर सारा. कपड्यावरून मोजलं की आकडा फुगतो आणि आजारी मूल सुटून जातं. पट्टी आवळूही नका. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर घेर कितीही असो, थेट दवाखाना. ११.५ ते १२.५ मधल्या मुलांची नावं अंगणवाडीत घाला. स्थलांतरित मुलांनाही तिथला आहार मिळतो.

नवीन कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहून घ्या आणि त्याचा फोटो आईच्या, नाहीतर मुकादमाच्या मोबाइलवर टाका. पट्टा पडण्याआधी, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपण्याआधी, आईच्या गावच्या आशाताईंना फोन करून राहिलेले डोस सांगा.